महामल्ल आणि वाटाण्याएवढी ग्रंथी



आपल्या गावांत केबल टीव्ही आला, त्या काळात ज्यांची मुले शाळेत होती त्यांना ट्रम्प कार्डांचा खेळ आठवत असेल. एकेका पत्त्यावर एकेका अमेरिकन मल्लाचे छायाचित्र आणि खाली उंची, वजन, छाती असे आकडे. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता जिंकला. मुलांच्या खेळात हा नियम ठीक आहे. पण मोठ्यांच्या मनातही तोच नियम ठाण मांडून बसलेला असतो. पोर हाडापेराने थोराड दिसले की आजी दृष्ट काढते, शेजारी "पैलवान होणार बघा" म्हणतात आणि तालमीतले वस्ताद खुराक वाढवायला सांगतात. शरीर मोठे म्हणजे ताकद मोठी, आणि ताकद मोठी म्हणजे प्रकृती उत्तम, असे आपले सरळ गणित असते.

हे गणित कधी कधी साफ चुकते. ते कुठे चुकते हे सांगण्यासाठी आज मी तुम्हांला एका मल्लाची कारकीर्द सांगणार आहे. त्याचे नाव आंद्रे रूसिमॉफ. जग त्याला 'आंद्रे द जायंट' म्हणून ओळखते. कुस्तीच्या इतिहासात त्याचे स्थान काय, हे कुस्तीचे जाणकार सांगतील. मी डॉक्टर असल्यामुळे त्याच्याकडे रुग्ण म्हणून पाहणार आहे.

शेतकऱ्याचा मुलगा

आंद्रेचा जन्म १९ मे १९४६ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसच्या पूर्वेकडील कुलोमिए या गावी झाला. वडील बल्गेरियाचे, आई पोलंडची. दोघेही पोटासाठी फ्रान्समध्ये येऊन शेतीवर स्थिरावलेले. पाच भावंडांत हा तिसरा. बाकीची भावंडे चारचौघांसारखी, हा मात्र बाराव्या वर्षीच सहा फुटांच्या पुढे गेला. शाळा लवकर सुटली. काही काळ शेतात राबल्यावर विशीच्या आतच तो पॅरिसला गेला, दिवसा सामान हलवण्याचे काम आणि संध्याकाळी कुस्तीचे शिक्षण, असे त्याने सुरू केले.

ही कुस्ती आपल्या लाल मातीतली नव्हे, करमणुकीची कुस्ती. तिचा निकाल आधी ठरलेला असतो. पण निकाल ठरलेला असला तरी आपटणे खरे असते, पाठीच्या मणक्यांना आणि गुडघ्यांना बसणारा मार खरा असतो, हे लक्षात ठेवावे.

१९७० मध्ये तो जपानला कुस्त्या खेळायला गेला. त्याच सुमारास तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितले, की तुला ॲक्रोमेगाली नावाचा आजार आहे. तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. इथून पुढे त्याच्या आयुष्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी चालत राहिल्या. एक त्याची कीर्ती, दुसरा त्याचा आजार. आणि दोघींना खाद्य मिळत होते एकाच ठिकाणाहून.

ही ग्रंथी काय करते?

आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे, हाडाच्या एका लहानशा खोबणीत पीयूषिका ग्रंथी असते. इंग्रजीत तिला पिट्यूटरी म्हणतात. आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. पण शरीरातल्या इतर अनेक ग्रंथींवर हिचा हुकूम चालतो. वाढीचे संप्रेरक हीच तयार करते. हे संप्रेरक रक्तातून यकृतात जाते, तिथे आय. जी. एफ.-१ नावाचे दुसरे द्रव्य तयार होते आणि त्याच्या जोरावर हाडे, स्नायू, त्वचा, आतले अवयव वाढतात.

कधी कधी या ग्रंथीत एक गाठ तयार होते. गाठ म्हटले की आपल्याला कर्करोग आठवतो; पण ही गाठ बहुतेक सर्व रुग्णांत कर्करोगाची नसते. ती सावकाश वाढते आणि वाढीचे संप्रेरक बेसुमार ओतत राहते. थांबण्याचा निरोप तिला कळत नाही.

मग पुढे काय होते, ते वयावर अवलंबून असते. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात. उंची तिथे वाढते. वयात आल्यावर काही वर्षांत या पट्ट्या बंद होतात. त्या बंद होण्यापूर्वी गाठ झाली तर मूल उंचच उंच होत जाते. याला राक्षसी वाढ म्हणतात. पट्ट्या बंद झाल्यावर उंची वाढू शकत नाही. मग हाडे रुंद आणि जाड होतात. हात-पाय पसरट होतात, जबडा पुढे येतो, भुवयांवरचे हाड उचलते, नाक, ओठ आणि जीभ जाड होतात. ही ॲक्रोमेगाली. आंद्रेला गाठ लहानपणीच झाली असल्याने त्याच्या शरीरात दोन्ही प्रकार एकामागून एक झाले.

या रोगाला हे नाव १८८६ मध्ये पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी दिले. म्हणजे आंद्रेच्या जन्मापूर्वी साठ वर्षे हा आजार त्याच्याच देशात ओळखला गेला होता.

कीर्तीची वर्षे

जपाननंतर आंद्रे कॅनडातल्या माँट्रियल शहरी गेला आणि तिथे गाजला. १९७३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरला. ज्या संस्थेला पुढे डब्ल्यू. डब्ल्यू. एफ. आणि २००२ पासून डब्ल्यू. डब्ल्यू. ई. म्हणू लागले, तिच्या चालकांनी त्याला 'आंद्रे द जायंट' हे नाव दिले. जाहिरातीत त्याची उंची ७ फूट ४ इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो, असे सांगितले जाई. या धंद्यात आकडे थोडे फुगवून सांगण्याची चाल आहेच. पण त्याच्या शेजारी उभे राहिले की धिप्पाड मल्लही पोरसवदा दिसत.

चालकांनी एक युक्ती केली. त्याला एका ठिकाणी फार दिवस ठेवायचे नाही. लोकांचे कुतूहल ओसरण्याआधी पुढच्या गावी पाठवायचे. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ तो प्रवासात असे. मोटारीत तो मावत नसे. विमानाची आसने त्याला पुरत नसत आणि विमानाच्या शौचालयाच्या दारातून तो आत जाऊ शकत नसे. त्याच्यासोबत फिरलेल्या मल्लांनी पुढे हे सारे सांगितले आहे. त्याच्या दारूचे किस्से तर आजही चवीने सांगितले जातात. ते ऐकताना मला हसू येत नाही. सांधे आणि पाठ दिवसरात्र ठणकत असलेला माणूस बाटली जवळ का करतो, हे आम्हां डॉक्टरांना कळते. दारूने वेदना तेवढ्यापुरती बोथट होते, पण आधीच थकलेल्या हृदयावर ती आणखी ओझे टाकते.

१९८१ मध्ये त्याचा घोटा मोडला. बॉस्टनच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. प्रेक्षकांना सांगण्यात आले की प्रतिस्पर्धी मल्लाने मोडला. प्रत्यक्षात तो सकाळी अंथरुणातून उठताना मोडला होता. एवढा आडमाप देह तोलणाऱ्या सांध्याची अवस्था काय झाली असेल, हे या एका गोष्टीवरून समजावे.

१९८६ मध्ये 'द प्रिन्सेस ब्राइड' या चित्रपटाचे चित्रीकरण इंग्लंडमध्ये झाले. त्यात आंद्रेने प्रेमळ दैत्याची भूमिका केली. एका प्रसंगात नायिका खिडकीतून उडी मारते आणि हा तिला झेलतो. पाहणाऱ्याला वाटते, याला तिचे काय ओझे! पण त्याची पाठ इतकी निकामी झाली होती की त्या सडपातळ नटीला तारांचा आधार देऊन त्याच्या हातांवर अलगद उतरवावे लागले. त्याच सुमारास त्याच्या पाठीवर शस्त्रक्रियाही झाली.

आणि त्यानंतर २९ मार्च १९८७ रोजी त्याची सर्वांत गाजलेली लढत झाली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील पाँटिॲक या ठिकाणी, हल्क होगनविरुद्ध. आयोजकांनी जाहीर केलेली प्रेक्षकसंख्या होती ९३,१७३. होगनने त्याला उचलून आपटले आणि स्टेडियम दणाणले. ते दृश्य आजही दाखवले जाते. आता पुन्हा पाहाल तेव्हा आंद्रेकडे पाहा. त्याला छोट्या गाडीवर बसवून आखाड्यापर्यंत आणले आहे. पोशाखाच्या आत पाठीला आधाराचा पट्टा आहे. त्याची चाल जड आहे, तोल सांभाळताना हात दोरांकडे जातो आहे. हरायचे त्याने मान्य केले होते, म्हणूनच तो उचलला गेला. ज्या पाठीवर त्याने ते आपटणे घेतले ती शस्त्रक्रिया झालेली पाठ होती. याला मी खरे धैर्य म्हणेन. पण डॉक्टर म्हणून ते दृश्य मला पाहवत नाही.

पुढच्या वर्षी, ५ फेब्रुवारी १९८८ रोजी, दूरचित्रवाणीवर झालेल्या लढतीत त्याने होगनला हरवून अजिंक्यपद घेतले. त्यानंतर उतरण वेगाने झाली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तो प्रेक्षकांसमोर आला तेव्हा काखेत कुबड्या होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये तो जपानमध्ये शेवटचा खेळला. जानेवारी १९९३ मध्ये वडील वारले, म्हणून तो फ्रान्सला गेला. त्याच महिन्यात, २८ तारखेला, पॅरिसच्या एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत आढळला. हृदय निकामी होऊन झोपेतच मृत्यू आला होता. वय ४६.

मोठे हृदय म्हणजे बळकट हृदय नव्हे

"एवढा बलदंड माणूस, त्याचे हृदय कसे बंद पडले?" असे कोणीही विचारील. वाढीचे संप्रेरक हात-पायांपुरते थांबत नाही. हृदयाच्या स्नायूच्या भिंतीही त्याने जाड होतात. जाड भिंत नीट सैल होत नाही, त्यामुळे हृदयात रक्त पुरेसे भरत नाही. काही वर्षांनी हाच स्नायू थकतो, ताणला जातो आणि पंपाचे काम कमी पडू लागते. त्यात रक्तदाब वाढतो. हे संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध काम करत असल्याने मधुमेह होतो. जीभ आणि घसा जाड झाल्यामुळे माणूस मोठ्याने घोरतो आणि झोपेत त्याचा श्वास अडकतो. मोठ्या आतड्यात मांसाचे कोंब वाढण्याचा धोकाही असतो. उपचार न घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळजवळ दुप्पट असते. उपचाराने संप्रेरक आटोक्यात आणले तर हे प्रमाण सर्वसामान्यांच्या जवळ येते. या रोगाविषयी एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

उपचार होता का?

न्यायाने बोलायचे तर १९७० साली आजच्यासारखी साधने नव्हती. एम. आर. आय. नव्हते. आजची औषधे नव्हती. पण शस्त्रक्रिया होती. नाकाच्या मार्गाने पीयूषिकेपर्यंत पोहोचण्याची पद्धत पॅरिसजवळ डॉ. जेरार गियो यांनी पुन्हा रूढ केली होती. त्यांच्याकडून ती शिकून डॉ. ज्यूल हार्डी यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने चांगली ग्रंथी शाबूत ठेवून नेमकी गाठ काढण्याचे तंत्र बसवले. डॉ. हार्डी कोणत्या शहरात काम करत होते? माँट्रियलमध्ये. ज्या दोन शहरांत आंद्रेचे तारुण्य गेले, त्याच दोन शहरांच्या परिसरात त्याच्या रोगावरची जगातली उत्तम शस्त्रक्रिया होत होती.

त्याला उपचार सुचवले गेले आणि त्याने ते नाकारले, असे त्याच्या जवळच्या लोकांनी सांगितले आहे. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. ज्या देहामुळे अन्न मिळते, तोच देह रोग आहे हे ऐकणे सोपे नसते. "गाठ काढली तर माझे वेगळेपण जाईल," अशी धास्ती अशा रुग्णाला वाटू शकते. पण ही धास्ती खरी होती का? हे तपासायला आपल्यापुढे दोन उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण पॉल वाइट या अमेरिकन मल्लाचे. 'बिग शो' या नावाने तो आपल्याकडच्या मुलांना ठाऊक आहे. जन्म १९७२. त्यालाही लहानपणापासून हाच आजार. त्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, विशीच्या उंबरठ्यावरच, पीयूषिकेची शस्त्रक्रिया करून घेतली आणि वाढ थांबली. १९९५ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीत आला, तेव्हा गंमत अशी की चालकांनी त्याला आंद्रेचा मुलगा म्हणून पेश केले. नाते खोटे होते, आजार मात्र एकच. शस्त्रक्रियेने त्याची उंची गेली नाही की धंदाही गेला नाही. उलट त्याची सारी कारकीर्द शस्त्रक्रियेनंतरची आहे. आंद्रे ज्या वयात गेला ते वय त्याने केव्हाच ओलांडले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. दलीपसिंग राणा, म्हणजेच 'द ग्रेट खली'. हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यात १९७२ मध्ये जन्म, गरीब घर, तरुणपणी मजुरी, मग पंजाब पोलिसांत नोकरी. २००६ मध्ये तो अमेरिकेतल्या आखाड्यात दिसू लागला आणि जुलै २००७ मध्ये जागतिक हेवीवेट विजेता झाला. जुलै २०१२ मध्ये पिट्सबर्ग येथे त्याच्या पीयूषिकेवरील गाठीची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. त्यानंतर तो पुन्हा आखाड्यात उतरला आणि पुढे जालंधरला मुलांना कुस्ती शिकवू लागला.

तिघांचा आजार एक. एकाने विशीत उपचार घेतला, एकाने चाळिशीत, एकाने घेतलाच नाही. मात्र हेही सांगायला हवे, की वाढलेली हाडे शस्त्रक्रियेने मागे जात नाहीत आणि झिजलेले सांधे नवे होत नाहीत. जितका उपचार लवकर, तितकी हानी कमी.

आपल्या जिल्ह्यात हा आजार आहे का?

आहे, आणि बहुधा आपल्या ओळखीत आहे. दर दहा लाख लोकांत साधारण ४० ते ७० जणांना हा आजार असतो. म्हणजे तीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात शंभर ते दोनशे रुग्ण असावेत. ते सात फुटी नसतात, कारण बहुतेकांना हा आजार उंची थांबल्यानंतर, तिशी-चाळिशीत होतो. बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्या घरच्यांना तो दिसत नाही. निदान व्हायला सरासरी पाच ते दहा वर्षे लागतात.

एक अनुभव सांगतो. पंचेचाळिशीच्या एक बाई रक्तातली साखर वाढली म्हणून माझ्याकडे आल्या. गुडघेदुखीचे औषध एका ठिकाणी चालू, रक्तदाबाचे दुसऱ्या ठिकाणी. नाडी पाहायला हात हातात घेतला तर तळवा जाड, मऊ आणि घामाने ओला. मी सहज विचारले, "बांगड्या कोणत्या मापाच्या घालता?" त्या म्हणाल्या, "लग्नात दोन-चारच्या होत्या. आता कासार दोन-आठच्याही साबण लावून चढवतो. म्हणतो, ताई, तुमचे हात मोठे होत चाललेत." त्यांचे वजन मात्र फारसे वाढलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना लग्नाचे छायाचित्र घेऊन यायला सांगितले. छायाचित्रातली मुलगी आणि समोर बसलेल्या बाई यांच्या नाकाची, ओठांची, हनुवटीची ठेवण इतकी निराळी होती की सोबत आलेल्या जावेलाही ते तेव्हाच पहिल्यांदा जाणवले. त्यांना मुंबईला पाठवले. गाठ निघाली, नाकावाटे शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांनी साखरेची गोळी निम्म्यावर आली, घोरणे कमी झाले आणि हातांची सूज उतरून बांगड्याही एका मापाने उतरल्या. रोग सगळ्यांत आधी ओळखला होता तो कासाराने. त्याला त्याचे नाव तेवढे ठाऊक नव्हते.

काय पाहावे?

पुढील गोष्टींपैकी तीन-चार एकाच माणसात दिसल्या तर डॉक्टरांना दाखवावे.

अंगठी किंवा बांगडी घट्ट होणे. मोठेपणी, वजन न वाढता, चपलेचे माप एक-दोन अंकांनी वाढणे. खालचा जबडा पुढे येणे, दातांत फटी पडणे, कवळी वारंवार न बसणे. आवाज घोगरा आणि जाड होणे. थंडीतही भरपूर घाम येणे. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे. हाताला मुंग्या, सांधेदुखी. सततची डोकेदुखी. स्त्रियांत पाळी अनियमित होणे. आणि बाजूचे दिसेनासे होणे. पीयूषिकेच्या अगदी वर डोळ्यांच्या शिरा एकमेकींना ओलांडतात. गाठीचा दाब तिथे पडला की समोरचे स्वच्छ दिसते, पण रस्त्यावर बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. हे लक्षण दिसले तर एक दिवसही दवडू नये.

मुलांच्या बाबतीत, उंच आई-बापांचे मूल उंच होणे हे नैसर्गिक आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. पण आई-वडील मध्यम बांध्याचे आणि मूल मात्र वर्गातल्या सगळ्यांना मागे टाकून वर्षानुवर्षे झपाट्याने वाढते आहे, सोबत डोके दुखते आहे, असे असेल तर कौतुक करता करता तपासणीही करून घ्यावी. दर वाढदिवशी भिंतीवर उंचीची खूण करून तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी साधी आहे. रक्तातील आय. जी. एफ.-१ मोजायचे. वाढीचे संप्रेरक दिवसात कमी-जास्त होत असल्याने ते एकदाच मोजून निदान होत नाही. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. निरोगी माणसात साखर वाढली की हे संप्रेरक खाली येते, या रुग्णांत ते पुरेसे येत नाही. मग एम. आर. आय. करून गाठ पाहतात.

पहिला उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचा असतो. ती नाकातून होते, डोक्याची कवटी उघडावी लागत नाही. गाठ एक सें.मी.पेक्षा लहान असेल आणि शल्यविशारद अनुभवी असेल तर दहापैकी साधारण आठ रुग्णांत संप्रेरक ताब्यात येते. मोठ्या गाठीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. उरलेल्यांना ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची महिन्याने घ्यायची इंजेक्शने, कॅबरगोलिनच्या गोळ्या, किंवा किरणोपचार देतात. इंजेक्शने महाग आहेत, हे खरे. म्हणूनच गाठ लहान असताना सापडणे गरिबाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ग्रंथिरोगांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे जाताना जुनी छायाचित्रे आणि सर्व कागद बरोबर न्यावेत.

एक इशारा

शरीर कमावण्यासाठी काही तरुण व्यायामशाळेच्या ओळखीतून वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने मिळवून टोचून घेतात. आंद्रेच्या गाठीने त्याच्या शरीरात जे ओतले, तेच हे पैसे देऊन स्वतःच्या शरीरात ओतत असतात. हात-पायांना सूज, मधुमेह, सांधेदुखी आणि पुढे हृदयाचा त्रास, ही त्याची किंमत. तज्ज्ञांनी रोगासाठी दिल्याशिवाय हे इंजेक्शन कोणी घेऊ नये. आणि विशी उलटल्यावर "उंची वाढवा" म्हणणाऱ्या चूर्ण-गोळ्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. हाडांच्या पट्ट्या बंद झाल्या की कोणतेही औषध उंची वाढवू शकत नाही.

आंद्रेला भेटलेले लोक त्याच्या मनाच्या मोठेपणाबद्दल प्रेमाने बोलतात. तो मोठेपणा कोणत्याही ग्रंथीने दिलेला नव्हता, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेने तो गेलाही नसता. पन्नाशी, साठी पाहण्याचा हक्क त्यालाही होता. तेव्हा या रविवारी कपाटातला जुना अल्बम काढा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची छायाचित्रे घरच्या माणसांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहा. वय तर सगळ्यांच्याच चेहऱ्यावर दिसेल. पण एखाद्याची ठेवणच पालटली आहे असे वाटले, तर ते छायाचित्र घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

पुढील आठवड्यात गळ्याजवळच्या अवटू ग्रंथीविषयी.